शिडी नव्हे, वृक्ष

पाल, मगर आणि चिमणी या तिघींपैकी कोणत्या दोघींचे नाते अधिक जवळचे, असे विचारले असता बहुतेक जण पाल आणि मगर हेच उत्तर देतील. दोघींच्या अंगावर खवले आहेत, दोघी सरपटणाऱ्या. परंतु जीवशास्त्राचे आजचे उत्तर निराळे आहे : मगरीचे नाते पालीपेक्षा चिमणीशी अधिक जवळचे आहे.

स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी १७३५ मध्ये सजीवांची साम्यानुसार पद्धतशीर मांडणी केली. मात्र हे साम्य मुळात का असते, याचा उलगडा चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथाने केला. साम्याचे मूळ समान पूर्वजात असते. म्हणून खरे वर्गीकरण म्हणजे वंशावळच होय.

पण प्रत्येक साम्य जवळच्या नात्याची साक्ष देत नाही. वटवाघळाचे आणि पक्ष्याचे पंख स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये याविषयी काटेकोर कसोटी मांडली : दूरच्या पूर्वजाकडून सर्वांनाच मिळालेला गुण जवळीक सिद्ध करीत नाही, एखाद्या शाखेत नव्याने उद्भवून तिच्या वारसांत उतरलेला गुण ती सिद्ध करतो. खवले हा असा जुनाच ठेवा आहे. याउलट, पाल, साप, कासव यांच्या हृदयात नसलेले पूर्ण चार कप्पे मगर आणि पक्षी या दोघांत आढळतात. जीवाश्म आणि जनुकांची तुलना हेही तेच सांगतात.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांला यातील एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. युरोपात शतकानुशतके सजीवांना एका शिडीवर बसविले जात असे : तळाशी किडामुंगी, वर माणूस. वंशवृक्षात अशा पायऱ्या नाहीत, केवळ शाखा आहेत. माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. तो आणि चिंपांझी एकाच पूर्वजाचे वारस आहेत. इतकेच नव्हे, तर चिंपांझी गोरिलापेक्षा माणसाला अधिक जवळचा आहे. आजचे गवत, बेडूक आणि माणूस यांच्यामागे सारखाच दीर्घ इतिहास उभा आहे. वरची आणि खालची पायरी माणसाने कल्पिली. निसर्गात ती नाही.

म्हणून आपल्या मुलांनी गटांची नावे जरूर पाठ करावीत. पण हा गट कोणी, कोणत्या पुराव्यावर केला, हे विचारण्याची सवयही लावून घ्यावी.