खाणारा मुका, घेणारा अजाण

अर्थशास्त्रात ग्राहकाला राजा म्हणण्याची प्रथा आहे. ज्याला वस्तू हवी तो ती पारखतो, वापरतो आणि न पटल्यास पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो, हे या राजेपणामागचे गृहीतक. पाळीव कुत्र्याच्या खाद्याच्या बाजारात ते मुळातच लागू पडत नाही. येथे खाणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. खाणाऱ्याला बोलता येत नाही, आणि पैसे मोजणारा ती वस्तू कधी चाखून पाहत नाही. ताटली चाटूनपुसून साफ झाली एवढाच काय तो पुरावा. परंतु चवीने खाल्ले म्हणजे पोषण झाले असे होत नाही. अशा वेळी गृहस्थ किमतीलाच गुणवत्तेची खूण मानू लागतो. ज्याला परवडते तो महाग पिशवी घेऊन निश्चिंत होतो. ज्याला परवडत नाही तो स्वस्त पिशवी घेऊन मनातल्या मनात खजील होतो. हिशेब मात्र दोघांचाही चुकण्याचा संभव असतो.

विक्रेत्याला मालाची खरी माहिती आणि खरेदीदाराला नाही, अशा बाजारात चांगला माल मागे पडून सुमार माल पुढे येण्याचा धोका असतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. जुनी मोटार निदान चार दिवसांत रस्त्यात बंद तरी पडते. निकृष्ट खाद्याचा परिणाम त्वचेवर, हाडांवर वा मूत्रपिंडावर दिसू लागेपर्यंत महिने उलटतात, आणि मग दोष वयाला दिला जातो.

हा प्रश्न तसा नवा आहे. दारच्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा आणि उरलेसुरले कालवण मिळे. वैश्वदेवाच्या बलिहरणात त्याचा वाटा धर्मानेच राखून ठेवला होता. तयार खाद्याचा व्यापार १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकनाने काढलेल्या कुत्र्यांच्या बिस्किटांपासून सुरू झाला, आणि दाबयंत्रातून फुलवून काढलेले कोरडे दाणे अमेरिकेत १९५७ पासून लोकप्रिय झाले. आपल्या शहरांत सदनिकांचे राहणे वाढले, स्वयंपाक मोजून होऊ लागला, तसतसे उरलेसुरले संपले आणि पिशवीतले दाणे आले. त्यांच्या जाहिरातीतून एक अपराधी भावनाही घरात आली: भाकरीवर कुत्रा वाढवणे म्हणजे जणू त्याच्यावर अन्याय करणे. वस्तुस्थिती तशी नाही. माणसाच्या सहवासात कुत्र्याच्या अंगी पिष्ट पचवण्याची शक्ती लांडग्याच्या मानाने पुष्कळ वाढली, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले आहे. ज्वारी-तांदूळ त्याला वर्ज्य नाहीत. ते एकटे अपुरे आहेत, इतकेच.

कायद्याची या बाबतीतील भूमिका पाहण्याजोगी आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातील ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. भारतीय मानक ब्यूरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे मानक ठरवून दिले आहे, पण त्याचे पालन ऐच्छिक. उलट २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा गुराढोरांचा चारा-पेंड करमुक्त राहिली आणि कुत्र्या-मांजरांच्या वेष्टित खाद्यावर १८ टक्के कर बसला. म्हणजे कर घेताना सरकारला हे खाद्य दिसते, गुणवत्ता तपासताना दिसत नाही.

वेष्टनावरील आकड्यांवर किती विसंबावे, याचा धडा २००७ साली अमेरिकेत मिळाला. खाद्यातील प्रथिने थेट मोजली जात नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि येणाऱ्या आकड्याला ‘कच्ची प्रथिने’ म्हणतात. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळून हा आकडा फुगवण्यात आला होता. अनेक कुत्री-मांजरे मूत्रपिंड निकामी होऊन दगावली आणि खाद्याचे प्रचंड साठे बाजारातून परत घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तेच रसायन तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीत सापडले. जनावराच्या खाद्यातील भेसळीकडे काणाडोळा करणारी व्यवस्था माणसाच्या अन्नातही फसते, हा त्यातील मोठा बोध होय.

मग सामान्य गृहस्थाने काय करावे? प्रथम दोन गोष्टी वाचाव्यात. खाद्य ‘पूर्ण व संतुलित’ आहे की केवळ पूरक, आणि ते पिल्लासाठी आहे की वाढलेल्या कुत्र्यासाठी. बिस्किटे आणि चघळण्याच्या कांड्या पूरक असतात. दिवसाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा एक दशांशाच्या वर जाऊ नये. अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रकांच्या संघटनेने कोरड्या अंशात प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रथिने व ५.५ टक्के स्निग्धांश, तर पिल्लासाठी अनुक्रमे २२.५ आणि ८.५ टक्के असे प्रमाण सांगितले आहे. त्याहून कितीतरी जास्त प्रथिनांसाठी जादा पैसे मोजण्याचे निरोगी प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत सहसा कारण नसते. ‘धान्यविरहित’ या शब्दासाठी तर मुळीच मोजू नयेत. अशा काही खाद्यांचा आणि हृदयविकाराचा संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१८ साली हाती घ्यावी लागली होती.

‘कोरडा अंश’ हा शब्द येथे कळीचा आहे. रस्सेदार पाकिटावर प्रथिने ८ टक्के आणि दाण्यांच्या पिशवीवर २२ टक्के छापलेले असते. पण पाकिटात सुमारे ८० टक्के पाणी असते, दाण्यांत १० टक्क्यांच्या आसपास. पाणी वजा केले की पाकिटातील प्रथिने ४० टक्के ठरतात आणि दाण्यांतील सुमारे २४. आकडा असा उलटतो. मात्र पाकिटाच्या वजनातला चार पंचमांश भाग पाणी असल्याने पैसेही मुख्यतः पाण्याचेच मोजले जातात. वजनमापांच्या नियमांनुसार वेष्टनावर एककाची किंमत छापावी लागते, ती वजनाची. पोषणाची किंमत त्यावरून कळत नाही.

म्हणून खरी तुलना किलोच्या भावाची नसावी, दिवसाच्या खर्चाची असावी. पंधरा किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ देशी कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी ऊर्जा लागते. समजा, एक खाद्य २४० रुपये किलो असून त्यात किलोमागे ३,२०० किलोकॅलरी आहेत. दुसरे २८० रुपये किलो असून त्यात ४,००० आहेत. पहिले दिवसाला सुमारे २६६ ग्रॅम लागेल आणि खर्च ६४ रुपये येईल. दुसरे २१२ ग्रॅम पुरेल आणि खर्च साठाच्या आतच राहील. दुकानात महाग दिसणारी पिशवी घरात स्वस्त पडते. अर्थात याच्या उलटही घडते, आणि तिप्पट भावाची परदेशी पिशवी या हिशेबाला क्वचितच उतरते.

मोठे पोते किलोमागे स्वस्त असते हे खरे, पण उघडलेल्या पोत्यातील चरबी हवेने खवट होते आणि कोकण-मुंबईच्या पावसाळी दमटपणात बुरशी धरते. महिना-दीड महिन्यात संपेल एवढेच घेणे ही खरी काटकसर. दुकानातील उघड्या पोत्यातून सुटे दाणे घेणाऱ्याला तर तारीखही कळत नाही.

घरच्या अन्नाचा मार्ग अनेकांना स्वस्त वाटतो, आणि तो त्याज्य नाही. भात किंवा भाकरी, उकडलेले अंडे, कोंबडीचे मांस, स्वस्ताईच्या दिवसांत बांगडा किंवा तारली, शाकाहारी घरात चांगली शिजवलेली डाळ व सोयाबीन यांतून बरेच साधते. ज्वारीत लायसीन कमी असते, ते डाळ भरून काढते. कमतरता राहते ती कॅल्शियम, जस्त आणि काही जीवनसत्त्वांची. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असल्याने वाढत्या पिल्लाची हाडे कच्ची राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली घरगुती खाद्याच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक कमी आढळला. घरच्या अन्नाचा वाटा वाढवायचा तर पशुवैद्यकाकडून प्रमाण आखून घेणे आवश्यक आहे. तेवढे शुल्क पुढच्या औषधोपचाराहून कमीच पडते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाहीत. फोडणीतला कांदा असलेले उरलेले कालवण म्हणूनच निर्धोक नव्हे.

सर्वांत मोठी बचत पिशवीच्या निवडीत नसून मापात आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाद्य दिले, त्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे भरले, इतरांचे ११.२. प्रयोग एका खाद्य-उत्पादक कंपनीनेच केला होता, हे विशेष. प्रेमापोटी वाढलेली जादा मूठ खिशालाही महाग पडते आणि कुत्र्यालाही.

एकेकट्या गृहस्थाने कागद-पेन्सिल घेऊन हे सारे करावे, असे म्हणून मात्र भागणार नाही. किलोमागील ऊर्जा, आहार पूर्ण की पूरक याचा खुलासा आणि उत्पादनाची तारीख ठळकपणे छापणे बंधनकारक झाले पाहिजे; ब्यूरोचे मानक ऐच्छिक न राहता सक्तीचे झाले पाहिजे; आणि १८ टक्क्यांच्या करातील थोडा तरी भाग नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांकडे वळला पाहिजे. १९७५ पासून सामुदायिक खरेदीची परंपरा चालवणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी तपासणीचे निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध केले, तर हजारो घरांचा अंदाजपंचे व्यवहार थांबेल. मुक्या जिवाला तक्रार अर्ज करता येत नाही. त्याच्या वतीने वाचणे, मोजणे आणि विचारणे हे पैसे देणाऱ्याचे काम आहे. आणि विचारले तर उत्तर मिळेल अशी सोय करणे हे सरकारचे.