पळसनाथाकडून काय शिकावे?

पुणे-सोलापूर महामार्गावरील पळसदेव गावाजवळ, उजनीच्या फुगवट्यात पळसनाथाचे प्राचीन मंदिर उभे आहे. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. जुने पळसदेव पाण्याखाली गेले आणि गावाने नवी जागा धरली. मंदिर मात्र होते तिथेच राहिले. धरणाने तळ गाठला की ते पायापासून शिखरापर्यंत उघडे पडते. चाळीसहून अधिक वर्षे पाण्याचा मार खाऊनही ही वास्तू टिकली, हे इंदापूर तालुक्याचे खरे आश्चर्य!

मंदिराच्या भिंती काळ्या दगडाच्या घडीव चिऱ्यांच्या, तर शिखर विटांचे. जड ते खाली, हलके ते वर. शिखर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत चारही बाजूंना उभे पट्टे असतात आणि त्यांच्यामध्ये इवल्या शिखरांच्या ओळी चढत जातात. अंबरनाथचे शिवमंदिर आणि सिन्नरचा गोंदेश्वर याच परंपरेतले.

असा वारसा आधुनिक सार्वजनिक इमारतीत कसा उतरवावा? मुंबईच्या वस्तुसंग्रहालयासाठी जॉर्ज विटेट यांनी विजापूरच्या गोलघुमटावरून घुमट रचला आणि बांधकामाला कुर्ल्याचा बेसॉल्ट वापरला. 1922 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. चार्ल्स कोरिया यांनी भोपाळच्या विधानभवनात सांचीच्या स्तूपाची आठवण देणारा घुमट योजला, पण आतली रचना मोकळ्या चौकांभोवती गुंफली. या इमारतीला 1998 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला.

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला, कडक उन्हाचा मुलूख. इथल्या नगरपरिषदेच्या किंवा पंचायत समितीच्या इमारतीवर सिमेंटचे शिखर बसवले म्हणजे वारसा जपला असे होत नाही. दाखल्यासाठी ताटकळणाऱ्या माणसाला सभामंडपासारखी खांबांची, चहूबाजूंनी वारा खेळणारी सावली मिळावी. भिंतीला इथलाच काळा दगड असावा, वरचे मजले हलके असावेत आणि एकच लहान आकार पुन्हा पुन्हा वापरून दर्शनी भाग सजावा. पळसनाथाच्या बांधणीतून घ्यायचे ते हेच.

त्यासाठी आधी मंदिराची नीट मापे हवीत. पाणी ओसरेल त्या उन्हाळ्यात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी तिथे जावे, चिरा न् चिरा मोजून आराखडे तयार करावेत आणि ते तालुक्याच्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात ठेवावेत.