प्लगइन आलं, पण त्याची मदत उघडत का नाही?

(या भागाचं शब्दांकन. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या.)

आज विम या एडिटरबद्दल बोलू, पण विम कसा वापरायचा हे नाही. ते शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. आजचा प्रश्न एवढाच: प्लगइन बसवल्यावर त्याच्यासोबत आलेलं मॅन्युअल उघडत का नाही, आणि ते उघडावं म्हणून कुणी काय करायचं असतं?

तुमच्यातले काही जण फोनवर टर्मक्समध्ये विम चालवता, म्हणून हा विषय मुद्दाम घेतला. लॅपटॉपवर अडलं की आपण ब्राउझर उघडतो. फोनवर इवलीशी स्क्रीन, एका ॲपमधून दुसऱ्यात उडी, आणि गाडी घाटात शिरली की रेंज गायब. पण खरी अडचण वेगळीच आहे. वेबवर जे सापडतं ते बहुतेकदा प्लगइनच्या सगळ्यात नव्या आवृत्तीचं असतं. तुमच्याकडची आवृत्ती दोन वर्षं जुनी असेल, तर तिथे सांगितलेला पर्याय तुमच्याकडे नसतोच, आणि तुम्ही तासभर स्वतःच्या सेटिंगला दोष देत बसता. प्लगइनसोबत आलेली मदत मात्र तुमच्याकडच्याच आवृत्तीची असते. म्हणून ती उघडणं महत्त्वाचं.

आता होतं काय बघा. तुम्ही गिटने प्लगइन उतरवून घेता. आत ‘डॉक’ नावाचं फोल्डर दिसतं, त्यात एक साधी टेक्स्ट फाइल असते. मग विममध्ये कोलन, हेल्प आणि प्लगइनचं नाव टाइप करता. उत्तर येतं: ई१४९, सॉरी, या नावाची मदत नाही. अरे, फाइल तर समोर आहे!

कारण विम फाइल शोधतच नाही, तो टॅग शोधतो. ग्रंथालयात नवं पुस्तक आलं, कपाटात ठेवलं, पण नोंदवहीत चढवलंच नाही, तर काउंटरवरचा माणूस ‘नाही’ म्हणणारच. तसंच हे. मदतीच्या फाइलमध्ये लेखकाने काही शब्द दोन तारका-चिन्हांच्या मध्ये लिहिलेले असतात, ते टॅग. दोन उभ्या रेघांच्या मध्ये लिहिलेले असतात, ते त्या टॅगकडे नेणारे दुवे. आणि त्याच डॉक फोल्डरमध्ये ‘टॅग्ज’ नावाची आणखी एक फाइल लागते. तिच्या प्रत्येक ओळीत टॅगचं नाव, तो कोणत्या फाइलमध्ये आहे आणि तिथे काय शोधायचं, इतकंच असतं. ही नोंदवही. ती नसेल तर मॅन्युअल डिस्कवर असूनही विमच्या लेखी नाही.

ही नोंदवही बनवते ‘हेल्पटॅग्ज’ ही आज्ञा. तिच्यापुढे डॉक फोल्डरचा पत्ता द्या, किंवा मोठ्या अक्षरात ‘ऑल’ लिहा. ‘ऑल’ म्हटलं की विमच्या शोधमार्गावरच्या सगळ्या डॉक फोल्डरांची नोंदवही नव्याने तयार होते. काम सेकंदाचं.

मग हे आपोआप का होत नाही? विम-प्लगसारखा मॅनेजर वापरत असाल तर होतं, तो प्लगइन बसवतानाच हेल्पटॅग्ज चालवतो. पण २०१६ मध्ये विम ८ आला आणि मॅनेजरशिवाय प्लगइन बसवायची सोय मिळाली. घरच्या फोल्डरात ‘डॉट विम’, त्यात ‘पॅक’, त्यात तुम्हाला हवं ते नाव, त्यात ‘स्टार्ट’, आणि तिथे प्लगइन टाकायचं. प्लगइन लगेच चालू लागतं, पण नोंदवही कुणीच बनवत नाही. त्यामुळे सगळं नीट बसलंय असं वाटतं आणि मदत तेवढी गायब असते. टिम पोप यांच्या प्लगइनांच्या माहितीत गिटच्या ओळीखालीच हेल्पटॅग्जची ओळही दिलेली असते. घाईत आपण पहिली ओळ कॉपी करतो आणि दुसरी सोडून देतो.

इथे एक गंमत आहे. काही हुशार मंडळी म्हणतात, ‘हेल्पटॅग्ज ऑल’ थेट विमआरसीतच टाकतो, कायमची कटकट मिटली. तरी चालत नाही! कारण स्टार्टमधली प्लगइनं शोधमार्गावर येतात ती विमआरसी वाचून झाल्यानंतर. म्हणजे पाहुणे यायच्या आधीच पानं मांडून, वाढून, उचलूनही झाली. उपाय असा, की विमआरसीच्या अगदी शेवटी आधी ‘पॅकलोडऑल’ लिहा आणि त्याच्या खाली ‘हेल्पटॅग्ज ऑल’. खरं तर दर वेळी विम उघडताना हे करायची गरज नाही. प्लगइन बसवल्यावर किंवा अपडेट केल्यावर एकदा हाताने चालवलं की पुरे. आणि प्लगइन ‘स्टार्ट’ऐवजी ‘ऑप्ट’मध्ये असेल, तर ‘पॅकॲड’ने ते लोड होईपर्यंत त्याची मदतही दिसणार नाही, हे लक्षात ठेवा.

लिनक्सच्या पॅकेजमधून प्लगइन आलं असेल तर फाइली सिस्टीमच्या फोल्डरात जातात. तिथे लिहायची परवानगी साध्या वापरकर्त्याला नसते, म्हणून ते काम पॅकेज बनवणाऱ्याचं. आर्च लिनक्सने यासाठी हुक ठेवला आहे, विमचं पॅकेज बसलं की टॅग्ज आपोआप ताजे होतात. ईमॅक्सवाल्यांचीही हीच गोष्ट, फक्त तिथे मॅन्युअल इन्फो स्वरूपात असतं आणि नोंदवहीचं नाव ‘डिर’. पॅकेजसोबत ती फाइल आली नाही, तर इन्फोच्या यादीत मॅन्युअल दिसत नाही.

तुम्ही स्वतः प्लगइन लिहीत असाल तर दोन-तीन गोष्टी. टॅग्ज फाइल गिटमध्ये टाकू नका, ‘गिट-इग्नोअर’मध्ये तिचं नाव लिहा. टाकलीत, तर वापरणाऱ्याने हेल्पटॅग्ज चालवल्यावर ती बदलू शकते आणि पुढच्या वेळी पुल करताना गिट अडून बसतं. इग्नोअर केली नाहीत, तर सबमॉड्यूल म्हणून प्लगइन ठेवणाऱ्याला गिट सारखं ‘काहीतरी बदललंय’ असं सांगत राहतं. प्रत्येक टॅगच्या आधी प्लगइनचं नाव जोडा. नुसतं ‘इंट्रो’ किंवा ‘ऑप्शन्स’ असं ठेवलंत तर दुसऱ्याच कुणाच्या टॅगशी टक्कर होईल. एकाच डॉक फोल्डरात दोनदा तोच टॅग आला तर हेल्पटॅग्ज ई१५४ म्हणून तक्रार करते. आणि फाइलच्या पहिल्या ओळीत तिच्या नावाचा टॅग आणि एका वाक्यात ओळख लिहा. तीच ओळ विमच्या मुख्य मदत पानावर ‘लोकल ॲडिशन्स’खाली दिसते, तिथूनच लोकांना कळतं की तुमचं मॅन्युअल आहे.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. विममध्ये अनुवादित मदतीची सोय आहे. फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटीऐवजी भाषेची दोन अक्षरं आणि एक्स लिहायचं. जपानीसाठी जेएएक्स, त्यांनी तर विमची मदत जपानीत आणली आहे, प्रकल्पाचं नाव विमडॉक-जेए. मराठीसाठी होईल एमआरएक्स. यूटीएफ-८ मध्ये फाइल जतन करा, हेल्पटॅग्ज चालवा, की ‘टॅग्ज-एमआर’ ही वेगळी नोंदवही तयार. मग टॅगपुढे ‘ॲट एमआर’ लिहिलं की मराठी पान उघडतं, आणि ‘हेल्पलँग’मध्ये एमआर ठेवलंत तर तेही लिहावं लागत नाही. मराठी पान नसेल तिथे इंग्रजी उघडतं, म्हणजे एका पानापासूनही सुरुवात करता येते.

फोनवर करून बघणाऱ्यांसाठी शेवटचं: दुव्यावर कर्सर नेऊन कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की पुढे जाता, कंट्रोल आणि टी दाबलं की मागे येता. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की तेच कंट्रोल.