नागपुरात मत दिलं, पण महापौर कोणी निवडला? समजून घ्या

पांढरकवडा : केळापूर तालुक्यातली कितीतरी पोरं शिक्षणासाठी, कामधंद्यासाठी नागपुरात खोली करून राहतात. १५ जानेवारी २०२६ रोजी नागपूर महापालिकेचं मतदान झालं. ज्यांची नावं तिथल्या यादीत होती, त्यांनी मत दिलं. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली, भाजपला बहुमत मिळालं. पण त्या दिवशी महापौर काही ठरला नाही. असं का?

नगराध्यक्ष थेट, महापौर नाही

पांढरकवडा नगर परिषदेत नगराध्यक्षासाठी मतदार वेगळं बटण दाबतो. महापालिकेत तसं नसतं. लोक नगरसेवक निवडतात आणि नगरसेवक सभागृहात हात वर करून महापौर निवडतात. नागपुरात १५१ नगरसेवक आहेत. म्हणजे ७६ जण ज्यांच्याकडे, महापौर त्यांचा. स्वीकृत सदस्यांना यात मत नसतं. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे नगरविकास विभागाच्या सोडतीत ठरतं. मुदत अडीच वर्षांची.

एका मतदाराची चार मतं

नागपुरात ३८ प्रभाग आहेत. ३७ प्रभागांत चार-चार नगरसेवक, एकात तीन. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी एकेक बटण दाबावं लागतं. चारही मतं एकाच उमेदवाराला देता येत नाहीत. कोणीच पसंत नसेल तर नोटा आहे. मुंबईत मात्र २२७ प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक.

कारभार कोणाच्या हातात?

महापौर सभा चालवतो. रोजचा कारभार आयुक्तांकडे आणि मोठ्या खर्चाची मंजुरी स्थायी समितीकडे असते. नागपुरात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासकच होता. नळ, नाली, कचऱ्यासाठी लोकांनी जाब विचारावा असा निवडून दिलेला माणूसच नव्हता.

नाव एकाच ठिकाणी ठेवा

कायद्याने मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी असावं लागतं. गावातलं नाव तसंच ठेवून शहरात नवीन अर्ज भरू नका. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ भरून नाव हलवता येतं. मतदार सेवा पोर्टलवर किंवा बीएलओकडे हे काम होतं.

पण नाव हलवलं की गावची ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांत मत देता येत नाही. ग्रामपंचायतीत एका-दोन मतांवरही निकाल फिरतो. बुटीबोरीला कामाला असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिथं वेगळी नगर परिषद आहे, नागपूर महापालिकेचं मत तिथं नसतं.

ऐन निवडणुकीत धावपळ करून उपयोग नसतो. यावेळी महापालिकेसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणून पोरगा सुट्टीत घरी आला की बसून ठरवा, नाव कुठं ठेवायचं. मग यादी तपासून घ्या.