कळपात तरणा मेंढा सोडताना

वर्षाच्या तरण्या मेंढ्यावर दहा-पंधरा मेंढ्या पुरे. जाणता नर पंचवीस-तीस सांभाळतो, पण तरण्यावर तेवढा भार नकोच. विकत आणला की दोन-तीन आठवडे वेगळा बांधा, जंताचे औषध पाजा, लसी राहिल्या असतील तर टोचून घ्या. अंड हाताने चाचपा: दोन्ही सारखे, घट्ट, बिनगाठीचे हवेत. शिंगांचा रुबाब पाहून सौदा करण्यापेक्षा ही तपासणी कितीतरी मोलाची.

सोडताना त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू फासा. लागलेल्या मेंढीच्या ढुंगणावर लाल छाप उमटतो. तारीख टिपून ठेवा, सुमारे १५० दिवसांनी ती विते. माज साधारण १७ दिवसांनी फिरतो, म्हणून तेव्हा रंग बदला. जुन्या छापावर नवा दिसला तर ती उलटली. बऱ्याच उलटल्या तर दोष नरात शोधा.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या ‘नारी सुवर्णा’ जातीत बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचे जनुक आहे. असा मेंढा आणल्यावर लगेच जुळ्यांची आशा धरू नये. हा गुण त्याच्या लेकींच्या वेतात दिसतो. त्या लेकी वयात येण्याआधी मात्र त्याची दुसऱ्या कळपाशी अदलाबदल कराच.