मांजराचं नख काढायचं म्हणजे नक्की काय काढायचं?

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय मांजरांचा आहे, पण रील्समधल्या गोंडस मांजरांचा नाही. आज बोलायचंय डीक्लॉइंगबद्दल. अमेरिकेतल्या एखाद्या मांजरवाल्या चॅनलवर हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मांजर सोफा ओरबाडतं, पडदे फाडतं, म्हणून ऑपरेशन करून त्याची नखं कायमची काढून टाकायची. अमेरिकेत आणि कॅनडात हे अनेक वर्षं अगदी सर्रास चालायचं. नसबंदीला मांजर नेलं की त्याच भुलीत नखंही काढून घ्यायची, असं पॅकेजच असायचं कित्येक ठिकाणी.

ऐकायला ते नखं कापण्यासारखंच वाटतं. इथेच सगळा घोळ आहे.

नख नाही, पेर

जरा स्वतःचा हात समोर धरा. आपलं नख बोटाच्या मांसावर वाढतं. ते उपटलं गेलं तर दुखतं, पण बोट शाबूत राहतं आणि नख परत येतं. मांजराचं तसं नाही. त्याचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच वाढतं. वरवर काढलं तर ते पुन्हा उगवणार. कायमचं घालवायचं तर ते हाडच सांध्यापासून कापावं लागतं.

म्हणजे तुमच्या बोटाचं वरचं पेर, जिथे नख आहे ते, उडवायचं. असं एक नाही, दहा. कारण मांजराच्या पुढच्या दोन पंजांना पाच-पाच बोटं असतात. बहुतेक वेळा पुढचेच पंजे करतात. मागचेही केले तर आणखी आठ.

काही ठिकाणी सांगतात, ‘आम्ही लेझरने करतो, त्रास होत नाही.’ लेझरने रक्तस्राव कमी होतो, हे खरं. पण बदललं ते हत्यार. कापलं जाणारं पेर तेच.

मांजर ओरबाडतं कशाला?

तुमच्यावर सूड म्हणून नक्कीच नाही. ओरबाडताना नखावरचं जुनं टरफल निघून जातं आणि खालचं धारदार नख वर येतं. त्याच वेळी पाठ आणि खांद्यांना मस्त ताण मिळतो. शिवाय पंजांमध्ये गंधग्रंथी असतात, त्यामुळे ओरबाडलेल्या जागेवर वास राहतो. ‘ही जागा माझी’ अशी पाटीच लावल्यासारखं. आणि सोफाच का? कारण तो जड असतो, हलत नाही, आणि घरात सगळे जिथे बसतात तिथे असतो. मांजराच्या दृष्टीने पाटी लावायला याहून चांगली जागा नाही.

ऑपरेशननंतर काय होतं?

मांजर बोटांवर चालतं. त्यामुळे पेरं गेली की पाय टेकवण्याची पद्धतच बदलते, आणि त्याचा भार पुढे पाठीपर्यंत जातो. 2018 साली एका पशुवैद्यकीय जर्नलमध्ये 274 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्मी डीक्लॉ केलेली, निम्मी न केलेली. डीक्लॉ केलेल्यांमध्ये पाठदुखी, चावणं आणि लिटर बॉक्सच्या बाहेर घाण करणं हे सगळं जास्त आढळलं. एक्स-रेमध्ये 63 टक्के मांजरांच्या पंजात हाडाचे तुकडे राहून गेलेले दिसले. त्यांच्यात हे त्रास आणखी जास्त होते.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा अभ्यास आधीच ऑपरेशन झालेल्या मांजरांचा होता. अशा अभ्यासातून ‘यामुळेच ते झालं’ असं शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण तर्क सरळ आहे. पंजा दुखत असेल तर खड्यांसारख्या लिटरमध्ये उकरायला कोण जाईल? मांजर मऊ जागा शोधणार, म्हणजे तुमची गादी. आणि नखं नसतील तर घाबरल्यावर त्याच्याकडे उरतात फक्त दात. सोफा वाचवायला गेलो आणि गादी घालवून बसलो, अशातली गत.

‘पण काहींना पर्यायच नसतो ना?’

दुसरी बाजूही नीट ऐकून घेऊ. न्यूयॉर्कमध्ये बंदीचा कायदा येत होता तेव्हा तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनेच विरोध केला होता. त्यांचं म्हणणं असं: हा शेवटचा उपाय म्हणून हातात असू द्या. नाहीतर वैतागलेले लोक मांजर शेल्टरमध्ये सोडतील, आणि तिथे त्याला मारलंही जाऊ शकतं. नखं नसलेलं जिवंत मांजर, की नखांसकट मेलेलं?

प्रश्न खरंच अवघड आहे. पण त्याचं उत्तर तपासता येतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2018 मध्ये पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेने डीक्लॉइंग बंद केलं. नंतर संशोधकांनी तिथल्या शेल्टर्सच्या नोंदी तपासल्या. ओरबाडतं म्हणून मांजर आणून सोडणाऱ्यांची संख्या बंदीनंतर वाढलेली नव्हती.

दुसरा मुद्दा आजारपणाचा. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, समजा एचआयव्ही आहे किंवा कॅन्सरचे उपचार चालू आहेत, तर ओरखडा महागात पडू शकतो. भीती खरी आहे. पण अमेरिकेतल्या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचना अशा रुग्णांनाही सरसकट डीक्लॉइंग सुचवत नाहीत. त्या सांगतात, मांजराशी दांडगाईचा खेळ टाळा, ओरखडा लागला तर लगेच धुवा, पिसवांचा बंदोबस्त करा. आणि मांजर चावणं हेही जंतुसंसर्गाचं मोठं कारण आहे, हे विसरू नका.

तिसरा मुद्दा घरमालकाचा. तिकडे भाड्याने राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही हा भेटू शकतो: ‘मांजर चालेल, पण डीक्लॉ केलेलं हवं.’ कॅलिफोर्नियात 2013 पासून घरमालकाला अशी अट घालता येत नाही. इतरत्र असाल तर करारावर सही करण्याआधी स्थानिक नियम बघा.

मग नसबंदी कशी चालते?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नसबंदी करताना तरी मांजराला कोण विचारतं? तेही ऑपरेशन, तीही भूल, तोही अवयव कायमचा जातो. मग एक चालतं आणि दुसरं नाही, हा दुटप्पीपणा नाही का?

तीन प्रश्न विचारून बघा. पहिला, फायदा कुणाचा? नसबंदीने मादीला गर्भाशयाच्या संसर्गापासून संरक्षण मिळतं, बोक्यांची मारामारी आणि भटकणं कमी होतं, आणि रस्त्यावर मरणारी पिल्लं जन्मालाच येत नाहीत. डीक्लॉइंगमध्ये फायदा फक्त फर्निचरचा. दुसरा, सौम्य मार्ग आहे का? मांजरांच्या प्रजननाला तितकाच भरवशाचा आणि सुरक्षित दुसरा उपाय सहज मिळत नाही. ओरबाडण्याला मात्र भरपूर उपाय आहेत. तिसरा, जे जातं ते त्या जनावराला रोज लागतं का? नखं लागतात. चढायला, खेळायला, अंग ताणायला, जीव वाचवायला.

अर्थात नखाच्या मुळाशी गाठ झाली असेल किंवा बरा न होणारा संसर्ग असेल तर ते बोट काढणं हा उपचार आहे. तिथे फायदा मांजराचाच आहे. बंदी घालणारे कायदेही वैद्यकीय कारणाला सूट देतात.

कायदा कुठे काय म्हणतो?

1987 च्या युरोपीय करारातच पाळीव प्राण्यांची नखं काढायला मनाई आहे. ब्रिटनमध्ये 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याखाली हे बेकायदा आहे. अमेरिकेत सुरुवात 2003 मध्ये वेस्ट हॉलिवूड या छोट्या शहराने केली. न्यूयॉर्क हे बंदी घालणारं पहिलं राज्य, 2019 मध्ये. दंड 1,000 डॉलरपर्यंत. 2022 मध्ये मेरिलँड आलं. पण आजही तिथे सगळ्या राज्यांत बंदी नाही.

आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये प्राण्याला विद्रूप करणं, त्याचा अवयव छाटणं हा गुन्हा आहे, पण डीक्लॉइंगचा वेगळा उल्लेख नाही. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये! त्यामुळे कायद्याच्या धाकावर विसंबून चालणार नाही. आजवर आपल्याकडची मांजरं गच्चीवर, कंपाउंडवर, झाडाच्या बुंध्यावर नखं घासून यायची. आता पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पर्शियन मांजर दिवसभर बंद दाराआड असतं. झाड गेलं, सोफा आला. म्हणून हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे.

मग करायचं काय?

मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणेल इतका उंच, म्हणजे साधारण अडीच-तीन फुटांचा खांब घ्या. तो डगमगता कामा नये. एकदा डगमगला की मांजर पुन्हा त्याच्याकडे बघणार नाही. विकतचा महाग वाटला तर जड पाटावर लाकडी ओंडका घट्ट बसवा आणि त्याला जाड दोरी किंवा गोणपाट गुंडाळा. तो खोलीच्या कोपऱ्यात लपवू नका, सोफ्याला खेटूनच ठेवा. सोफ्याच्या त्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, मांजरांना ते चिकट अजिबात आवडत नाही. खांब वापरला की लगेच खाऊ द्या. ओरडू नका, मारू नका. त्यातून मांजर फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं.

दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापा. फक्त पांढरा भाग, आतला गुलाबी भाग सोडून, कारण तिथे रक्तवाहिनी आणि नस असते. पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या. पिल्लू असतानाच पंजा हातात घ्यायची सवय लावलीत तर पुढे निम्मं काम सोपं.

आणि हे तीन प्रश्न मांजरापुरते ठेवू नका. डॉबरमनचे कान कापून उभे करणं, पिल्लाची शेपूट छाटणं, हे तर आपल्या आसपास चालतंच. तिथेही विचारा: फायदा कुणाचा, सौम्य मार्ग आहे का, आणि जे कापतोय ते त्याला लागतं का?

एवढं सगळं करूनही सोफ्यावर दोन-चार ओरखडे येणारच. मांजर घरी आणतानाच ते धरून चालायचं. सोफ्याला कव्हर घालता येतं, पेर परत लावता येत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, स्वतःची आणि घरातल्या माऊचीही.