दूध, रांग आणि बंदूक : ‘पोस्टल २’चा मागोवा

ॲरिझोनातल्या पॅरडाइस नावाच्या काल्पनिक गावात सोमवार उजाडतो. बायको ट्रेलरमधून ओरडून दूध आणायला सांगते आणि गॉगल, लांब काळा कोट अशा अवतारातला ‘पोस्टल ड्यूड’ बाहेर पडतो. दिवसभराची कामं साधीच आहेत : ऑफिसातून पगाराचा चेक घ्यायचा, बँकेत तो वटवायचा आणि येताना दूध आणायचं. एप्रिल २००३मध्ये आलेल्या ‘पोस्टल २’ची सुरुवात ही अशी. पुढे न्यूझीलंडने या खेळावर बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने त्याला प्रमाणपत्र नाकारलं, स्वीडनमध्ये तो न्यायालयात गेला. वीस वर्षांहून अधिक काळ उलटल्यावरही तो विकला जातो आणि खेळला जातो. त्याच्या वाट्याला आलेली निंदा आणि त्याच्या चाहत्यांनी केलेलं समर्थन, दोन्ही मला अर्धवट वाटत आली आहेत.

हा खेळ ‘रनिंग विथ सिझर्स’ या ॲरिझोनातल्याच टूसान शहरातल्या छोट्या कंपनीचा. व्हिन्स डेझी हा तिचा प्रमुख. त्याआधी ही मंडळी दुसऱ्या नावाखाली लहान मुलांसाठी खेळ बनवत असत. १९९७मध्ये त्यांनी पहिला ‘पोस्टल’ काढला. ऑगस्ट १९८६मध्ये ओक्लाहोमातल्या एडमंड गावच्या पोस्टात एका कर्मचाऱ्याने १४ सहकाऱ्यांना गोळ्या घालून स्वतःला संपवलं होतं. अशा घटनांवरूनच माथं फिरून हिंसेवर उतरण्याला तिकडे ‘पोस्टल’ होणं म्हणू लागले आणि खेळाचं नाव तिथून आलं. अमेरिकी टपाल खात्याने कंपनीवर दावा ठोकला. तो २००३मध्ये निकालात निघाला. पहिला खेळ उदास, वरून दिसणारा आणि एकसुरी होता. ठरावीक प्रमाणात माणसं मारल्याशिवाय त्यात पुढे जाताच येत नसे.

दुसऱ्या भागात नेमकी हीच अट काढून टाकली आणि खेळ पार बदलला.

पॅरडाइसमध्ये गोळी झाडायला कोणी सांगत नाही. बँकेत गेलात तर समोर रांग असते. एकेक माणूस पुढे सरकतो तसं आपणही सरकायचं. मध्येच कोणी घुसतो. पैसे हातात पडतात न पडतात तोच दरोडेखोर शिरतात आणि गोळीबार सुरू होतो. तेव्हाही खाली वाकून दाराबाहेर सटकता येतं. बंदूक हातात धरून रस्त्याने चाललात तर लोक किंचाळत पळतात, पोलीस धावून येतात. तीच कोटात ठेवलीत तर कोणी वळूनही बघत नाही. शस्त्र टाकून उभं राहिलात तर पोलीस अटक करून कोठडीत टाकतात. एका दिवशी अर्जावर सह्या गोळा करायच्या असतात : हातात पॅड धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं आणि नकार, शिव्या पचवत पुढच्याकडे वळायचं. दुसऱ्या एका दिवशी लहानपणी गाजलेला दूरचित्रवाणी तारा गॅरी कोलमन याची सही घ्यायला मॉलमध्ये तिष्ठावं लागतं. ही भूमिका कोलमनने स्वतःच केली.

सोमवार ते शुक्रवार हा सगळा आठवडा एकाही माणसाला न मारता पार करता येतो, आणि तसा पार केला तर शेवटी खेळ तुम्हाला येशू म्हणून संबोधतो. हा खेळ तुमच्याइतकाच हिंसक आहे, असं बनवणारे पहिल्यापासून सांगत आले. त्या काळात दुसऱ्या कोणत्याही नेमबाजीच्या खेळाने खेळाडूच्या हातात बंदूक देऊन त्याला इतका वेळ ताटकळत ठेवलं नव्हतं. वैतागातून मोह कसा उगवतो, हे इथे बोटांना कळतं. शांतपणे खेळणारा माणूस रांगेत उभा असताना स्वतःवरच लक्ष ठेवू लागतो. ही खरी कल्पकता होती आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

व्यंगालाही धार होती. ड्यूड जिथे काम करतो ती कंपनी ‘रनिंग विथ सिझर्स’च. दाराशी हिंसक खेळांविरुद्ध फलक घेतलेले निदर्शक उभे असतात आणि थोड्याच वेळात तेच बंदुका घेऊन आत घुसतात. ग्रंथालयात पुस्तक परत करायला जावं तर पुस्तकविरोधक ग्रंथालयच पेटवून देतात. कोलंबाइनच्या शाळेतल्या १९९९च्या हत्याकांडानंतर अमेरिकेत खेळांवर जे खापर फुटत होतं, त्याला दिलेलं हे उत्तर होतं.

पण मग मांजर येतं. रस्त्यावरचं मांजर उचलून बंदुकीच्या नळीवर खोचलं की ते सायलेन्सरचं काम करतं आणि प्रत्येक गोळीला केविलवाणं ओरडतं. लोकांवर लघवी करता येते, पेट्रोल ओतून माणसं जिवंत जाळता येतात. ‘कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ मासिकाने पाचपैकी शून्य तारे दिले. त्या परीक्षणातलं सर्वांत जहरी वाक्य कंपनीने पुढे आपल्याच खोक्यावर मिरवलं. न्यूझीलंडची बंदी २००४ची, ऑस्ट्रेलियाचा नकार २००५चा. स्वीडनमध्ये बेकायदा हिंसाचित्रणाचा खटला वितरकावर चालला आणि २००६मध्ये तो निर्दोष सुटला.

मला मात्र मांजरापेक्षा दुधाचं दुकान जास्त खुपतं. त्याचं नाव ‘लकी गणेश’ आणि मालकाचं नाव हबीब. दूध घेऊन पैसे न देता निघालात तर दुकानातली माणसं बंदुका काढतात. गावात इतरत्र अल-कायदाच्या वळणाचे दाढीवाले, फेटेवाले बंदूकधारी आहेत; मंगळवारी ते चर्चवर तुटून पडतात. लिहिणाऱ्यांच्या लेखी गणपती काय, हबीब काय, फेटा काय, सगळं एकाच गाठोड्यातलं. ही सरमिसळ निरुपद्रवी नव्हती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, याच ॲरिझोनातल्या मेसा शहरात, बलबीरसिंग सोढी या शीख माणसाला त्याच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळी घालून मारण्यात आलं. मारणाऱ्याने फेटा पाहून त्याला मुसलमान समजलं होतं. खेळ बाजारात आला तेव्हा या खुनाला दोन वर्षंही झाली नव्हती.

हबीबवर गोळी झाडायची की नाही, हे खेळाडू ठरवतो. हबीबला तसाच रंगवायचा, हे खेळाडूने ठरवलेलं नाही. समलिंगी माणसांवरच्या हिणकस विनोदांचंही तेच. ‘तुमच्याइतकाच हिंसक’ हा बचाव गोळीपुरता खरा आहे. चित्रणाची जबाबदारी बनवणाऱ्यांची आहे आणि ती त्यांनी कधी नीट उचलली नाही.

खेळ टिकला तो मुख्यतः लोकांमुळे. रशिया आणि पूर्व युरोपात त्याचा मोठा चाहतावर्ग तयार झाला. रशियातलीच ‘आकेला’ कंपनी ‘पोस्टल ३’च्या निर्मितीत होती आणि २०११च्या अखेरीस आलेला तो भाग साफ कोसळला. गावात मोकळं हिंडणं जवळपास गेलं आणि एकापाठोपाठ एक ठरवलेल्या मोहिमा आल्या. मूळ कंपनीने तो भाग नाकारला, आपल्या दुकानातूनही काढला. ‘पोस्टल २’चा आत्मा आठवड्याच्या मोकळ्या रचनेत होता, हे त्या अपयशाने जितकं स्पष्ट केलं तितकं कोणत्याही कौतुकाने केलं नव्हतं.

२०१२मध्ये ‘पोस्टल २’ ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला आणि दुसरा जन्म झाल्यासारखा वाढला. कंपनी जुन्या चुका दुरुस्त करत राहिली, खेळात हौसेने बदल करणाऱ्या मॉडकारांना तिने हाताशी धरलं आणि २०१५मध्ये, तब्बल १२ वर्षांनी, ‘पॅरडाइस लॉस्ट’ हा नवा भाग जोडला. त्यात ड्यूड उद्ध्वस्त गावात आपला कुत्रा चॅम्प शोधत फिरतो. आपल्या जुन्या खेळाची इतकी वर्षं निगा राखणारे फार थोडे असतात, आणि याबद्दल माझ्या मनात या मंडळींविषयी निखळ आदर आहे.

२०२२मध्ये ‘पोस्टल ४’ पूर्ण झाला. गाव बदललं, सोमवार ते शुक्रवारची चौकट तीच ठेवली. परीक्षकांनी त्याला झोडपलं. नव्याने विचारणाऱ्याला मी आजही २००३चाच भाग सुचवतो आणि सोढींच्या खुनाबद्दल आधी वाचून घ्यायला सांगतो.